ओट्याची उंची

ऑफिसात कुणाची फाइल उघडेनाशी झाली की पहिली हाक ताईंना जायची.

"ताई, गेली!"

"कोण गेली?" ताई मान वर न करता विचारायच्या. हा त्यांचा ठरलेला विनोद होता, पण समोरचा घाबरलेला माणूस त्या एका प्रश्नाने निम्मा तरी भानावर यायचा.

आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस होतं ते. खाली चष्म्याचं दुकान, वर एक लांबट खोली, भिंतीला टेकून कॉम्प्युटर मांडलेले आणि खिडकीपाशी नकाशे छापायचं मशीन. ताई तिथे ड्राफ्ट्समन होत्या. ड्राफ्ट्समनच. त्या कामाला बाईचा शब्द कुणी शोधला नव्हता आणि ताईंचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. नकाशे काढणं हे त्यांचं रोजचं काम. पण त्यांचं नाव झालं होतं ते बिघडलेल्या फाइली दुरुस्त करण्यासाठी. वीज गेली, मशीन अडकलं, पेन ड्राइव्ह मध्येच उपटला, की आठ-आठ दिवस खपून काढलेला नकाशा एका क्षणात रुसून बसतो. नाव दिसतं, आकार दिसतो, पण उघडायला जावं तर पडद्यावर ठोकळ्यात एक कोरडं वाक्य येतं, की ही फाइल वैध नाही.

पेन ड्राइव्ह उपटण्याचा मान बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरकडे असायचा. त्याला सगळे घाईवाला म्हणत. तो चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचा. एकदा एका शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा दुपारी पाठवायचा होता आणि सकाळी घाईवाल्याने तो मारून ठेवला.

"ताई, मी फक्त काढला हो पेन ड्राइव्ह. हळूच काढला."

"हळूच मारलं तरी मरतंच माणूस," ताई म्हणाल्या. "सरक. आणि आता कशालाही हात लावू नकोस. हात खिशात घाल."

मग त्यांनी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. मूळ फाइलला धक्का लावायचा नाही, तिची प्रत काढायची आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. प्रोग्राम स्वतःहून मागची एक आवृत्ती बाजूला ठेवतो, तिच्या नावाचं शेपूट बदलून बघायचं. ती निघाली चार दिवसांपूर्वीची. मग दुरुस्तीची आज्ञा द्यायची. ती अर्ध्यावर जाऊन थांबली. शेवटी ताईंनी एक कोरा नकाशा उघडला आणि बिघडलेला नकाशा त्यात तुकड्या-तुकड्याने ओढून घ्यायला लागल्या. आधी भिंती, मग दारं, मग जिने. कुठला तुकडा विषारी आहे हे कळेपर्यंत एकेक. घाईवाला मागे उभा राहून नखं खात होता.

"आली," तासाभराने ताई म्हणाल्या. "शाळा आली सगळी. संडास तेवढे आले नाहीत."

"संडासाशिवाय शाळा कशी पाठवू?"

"बस आणि काढ. दोन तास आहेत. तेवढ्यात माणूस गावभरचे संडास काढेल."

ऑफिसची मालकीण, म्हणजे आर्किटेक्ट, ताईंपेक्षा वयाने लहान. तिने एकदा त्यांना विचारलं होतं, "ताई, तुम्हाला राग कसा येत नाही हो? लोक वेंधळेपणा करतात आणि निस्तरता तुम्ही."

"माझं शिक्षणच न रागावता निस्तरणाऱ्या माणसाच्या हाताखाली झालंय," ताई म्हणाल्या होत्या.

तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे.

ताईंचा नवरा गेला तेव्हा त्यांची लेक नुकती रांगायला लागली होती. तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस आठवड्याभरात नाहीसा झाला. घरात उरले सासू, सासरे, ताई आणि ती पोर. सासरे सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि दोन-चार वर्षांत निवृत्त व्हायचे होते. दिवस उलटले, येणारी-जाणारी माणसं थांबली, आणि एका संध्याकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीतला ड्रॉइंग बोर्ड पुसला, त्यावर एक कागद लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "सूनबाई, हातातलं ठेव आणि जरा इकडे ये."

ताईंना वाटलं, काही सांडलं की काय.

"ही पेन्सिल. ही पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ काढ."

ताईंनी काढली. त्यांनी ती वाकून पाहिली, खोडली आणि म्हणाले, "परत."

त्या संध्याकाळी ताईंनी एवढ्या रेघा काढल्या की रात्री भात वाढताना बोटं वळेनात. सासूबाईंनी हातातला डाव काढून घेतला. त्या बसक्या बांध्याच्या, बोलायला फटकळ, आणि ताईंना त्यांची फार भीती वाटायची. पण त्या म्हणाल्या, "तू उद्यापासून संध्याकाळची इकडे फिरकू नकोस. चुलीपाशी मी आहे. तू ते शीक. आम्ही दोघं काय जन्माला पुरणार आहोत का तुला?"

अडचण एकच होती. सासऱ्यांपुढे मान वर करून बोलायची ताईंना सवय नव्हती, आणि समजलं नाही तर विचारायचं कसं? ते सासऱ्यांच्याही लक्षात आलं. ते म्हणाले, "असं करू. या टेबलापाशी मी तुझा सासरा नाही. इथे मला मास्तर म्हण. चुकलीस की मी ओरडणार. पटलं नाही की तू भांडायचं. टेबलावरून उठलो की पुन्हा आपण सासरा-सून."

पण एकदा मास्तर झाल्यावर ते पुन्हा सासरे झालेच नाहीत. टेबलावरून उठल्यावरही ताईंच्या तोंडी मास्तर हेच नाव राहिलं. लेक मोठी झाली तशी तीही आजोबांना मास्तर म्हणायला लागली. शेवटी सासूबाईसुद्धा चिडल्या की म्हणायच्या, "तुमच्या मास्तरांना सांग, चहा गार होतोय."

पुढे काळ बदलला. बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. ताई नोकरी सांभाळून ते शिकल्या. लेक शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेली. सासूबाई गेल्या. घरात दोघंच राहिले, आणि मास्तर दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. मग ताईंनी ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि जुन्या बोर्डाच्या जागी मांडला.

"सरका, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ काढा."

मास्तरांनी माउस हातात धरला तो जिवंत उंदीर धरावा तसा. रेघ गेली भलतीकडे. ताईंनी ती खोडली. "परत."

दोघंही इतके हसले की मास्तरांना ठसका लागला.

ते शिकले. हळूहळू, पण पक्कं शिकले. एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरली नाही. काम संपलं की मास्तर भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचे.

"अहो, आधी ते आतून बंद करायचं असतं."

"का?"

"त्याचं लिहून व्हायचं असतं."

"मी त्याला सेव्ह कर म्हणून सांगितलं. आता ते त्याचं काम. मी किती वेळ त्याच्या उशाशी बसू?"

त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी मास्तरांची एखादी फाइल बिघडायची आणि ताई चहा उकळेपर्यंत ती बरी करून द्यायच्या. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. उलट सकाळी "सूनबाई, हे दार उघडत नाही गं" अशी हाक आली की घरात माणूस आहे असं वाटायचं.

अलीकडे मात्र मास्तरांच्या आठवणींची वीण सैल होत चालली होती. चहा झाला की पुन्हा चहा मागायचे. कधी दुपारी सदरा चढवून कामावर निघायचे. डॉक्टर म्हणाले होते की हे वाढत जाईल, थांबवता येणार नाही, पण ज्या कामात ते रमतात ते सुटू देऊ नका. आणि नकाशापुढे बसले की मास्तर खरोखरच पहिल्यासारखे असायचे. तिथे त्यांना इंच न् इंच आठवायचा.

एकदा ताई भांडी घासून झाल्यावर ओट्याला टेकल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी पाठ मागे वाकवली. कमरेचं दुखणं जुनंच होतं, पट्टा लावून त्या कामावर जायच्या. मास्तर दारात उभे राहून बघत होते.

"दुखतं?"

"वयच झालं आता. दुखणार."

मास्तर दारातून आत आले. ओट्याकडे बघत राहिले. तो ओटा त्यांनीच बांधून घेतला होता, घर बांधलं तेव्हा, सासूबाईंच्या उंचीचा. ताई चांगल्या उंच होत्या. लग्नात कुणीतरी त्यांना खांब म्हटलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत हा खांब त्या ओट्यापुढे वाकूनच उभा होता.

त्या दिवसापासून मास्तरांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढायला घेतला. त्यात काही लपवाछपवी नव्हती. "ओटा वर घेतोय," त्यांनी सरळ सांगून टाकलं. दिवसभर ते त्यातच असायचे. कधी टेप घेऊन खिडकीची उंची मोजायचे, कधी सगळे डबे खाली काढून फळीची खोली. संध्याकाळी ताई घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच म्हणायचे, "बघ जरा, भांड्यांची फळी कशी घेतलीय." ताई दारातूनच मान लांब करून "छान आहे" म्हणायच्या आणि कुकर लावायला जायच्या.

एका शनिवारी संध्याकाळी नकाशा संपत आला. मास्तरांनी सेव्ह म्हटलं आणि त्याच दमात भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

रविवारी सकाळी हाक आली. "सूनबाई, दार उघडत नाही गं."

"आले," ताई म्हणाल्या. चहाचं आधण ठेवून त्या येऊन बसल्या. प्रत काढली. दुरुस्तीची आज्ञा दिली. ठोकळा आला, फाइल वैध नाही. आकार तर ठीक दिसत होता, म्हणजे आत माल असणार. त्यांनी मागची आवृत्ती शोधली. ती नव्हतीच.

"मास्तर, इथे याच नावाची अजून एक फाइल असायची. ती कुठे गेली?"

"ती मी काढून टाकतो. एका नावाच्या दोन फाइली कशाला? गोंधळ होतो."

"आणि अधूनमधून आपोआप जपून ठेवणारी सोय?"

"बंद केली. मध्येच अडखळायचं ते. रेघ ओढताना कुणी हात धरल्यासारखं व्हायचं."

"कागदावर छापून घेतलंय का कुठे? अर्धंमुर्धं?"

मास्तरांना या प्रश्नाचा रागच आला. "अपुरं ड्रॉइंग कागदावर घेतात का? हे शिकवलं मी तुला?"

चहाचं आधण आटून भांडं करपलं, तेव्हा कुठे ताई उठल्या. मास्तरांना म्हणाल्या, "ऑफिसातून आणते दुरुस्त करून. इथलं मशीन जुनं आहे."

सोमवारी ऑफिसात त्यांनी सगळं करून पाहिलं. कोऱ्या नकाशात ओढून पाहिलं, जुन्या प्रोग्रामात उघडून पाहिलं, दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामात पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले बघून घाईवाला खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याच्याकडे फाइलचं पोट जसंच्या तसं उघडून दाखवणारं काहीतरी होतं. त्याने ते चालवलं. पडदाभर शून्यं आली. त्याने खाली सरकवलं. शून्यं. अगदी शेवटपर्यंत गेला तरी शून्यंच.

"ताई," तो म्हणाला, आणि या वेळी त्याला कसलीच घाई नव्हती. "नाव आहे, आकार आहे. आत काही लिहिलंच गेलेलं नाही."

"दिसतंय मला."

"घरच्या कॉम्प्युटरवर काही सापडतंय का ते बघायला मी येऊ का संध्याकाळी?"

तो आला. चपला न काढताच आत घुसत होता, मग परत जाऊन काढून आला. पुसलेल्या फाइली परत आणायचा एक प्रोग्राम त्याने लावला. बरंच काही सापडलं. मास्तरांनी पूर्वी काढलेला एक कट्टा, लेकीच्या नव्या घराची गॅलरी, एक पक्ष्यांचं घरटं. स्वयंपाकघर मात्र कुठेच नव्हतं. मास्तर त्याला सारखं विचारत होते, "तुम्ही चहा घेतलात का?" आणि तो प्रत्येक वेळी न चुकता सांगत होता, "घेतला, मास्तर. छान होता."

ऑफिसभरच्या फाइलींच्या प्रती ताई काढून ठेवायच्या, दर शुक्रवारी, नेमाने. घरातल्या एका फाइलीची प्रत काढावी असं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मनात आलं, आपणच काढून टाकू. ओटा माझा, स्वयंपाकघर माझं, त्याचा नकाशा मला येणार नाही तर कुणाला येणार? काढून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि झाली दुरुस्त म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाला कळणारही नाही. त्यांनी डबा बाजूला सारला आणि काढायला सुरुवात केली. भिंती झाल्या, खिडकी झाली, दार झालं. मग भांड्यांच्या फळीपाशी हात थांबला.

मास्तरांनी फळी कशी घेतली होती? "बघ जरा" म्हणाले होते. आपण छान आहे म्हणालो. काय छान होतं? ताईंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना कुकरची शिटी आठवली, पिशवीतली भाजी आठवली, मास्तरांचा पडद्याकडे दाखवणारा हात आठवला. पडद्यावर काय होतं ते काही आठवेना. त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

त्यांनी तो नकाशा न जपता बंद केला.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्या मास्तरांसमोर खुर्ची घेऊन बसल्या. पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती.

"मास्तर, ती फाइल गेली."

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"कुठे नाही. पुसली गेली. मला नाही आणता आली परत."

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ताईंना वाटलं, आता हे भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि आपण काही करू शकणार नाही.

"रडतेस कशाला?" मास्तर म्हणाले.

"मी कुठे रडतेय?"

"दवाखान्याच्या ट्रेसिंगवर दौत सांडलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस. मी कुठे रडतेय म्हणून."

ताईंना तो दिवस लख्ख आठवला. शिकायला लागून वर्ष झालं होतं. मास्तरांनी ऑफिसातून घरी आणलेलं दवाखान्याच्या नकाशाचं ट्रेसिंग, पंधरा दिवसांचं काम, आणि ताईंच्या कोपराचा धक्का लागून शाईची दौत त्यावर आडवी झाली. मास्तर ओरडले नव्हते. त्यांनी तो कागद सोडवला, गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि बोर्डावर नवा कागद लावला होता.

"तेव्हा काय केलं आपण?" मास्तरांनी विचारलं.

"परत काढलं."

"मग? काढू की परत. तू बस तिकडे. माझे डोळे दुखतात हल्ली त्या पडद्याने. मी सांगतो, तू काढ."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीला दोघं त्या टेबलापाशी बसायला लागले. मास्तर सांगायचे, ताई काढायच्या. सगळं सरळ चालायचं असं नाही. कधी मास्तर अर्ध्या भिंतीवर थांबायचे आणि पुढचं माप हरवायचं. कधी कालचीच खिडकी आज पुन्हा सांगायचे, आणि ताई काढल्यासारखं करून "झाली" म्हणायच्या. भांड्यांच्या फळीला त्यांनी पुढच्या बाजूने बोटभर उंच कड घेतली होती, डबा ओढताना खाली येऊ नये म्हणून. ते काढताना ताई म्हणाल्या, "हे खरंच छान आहे, मास्तर."

"मागेही म्हणाली होतीस."

"तेव्हा बघितलं नव्हतं."

"ते माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. "मान लांब करून जिराफासारखी छान आहे म्हणायचीस." आणि पुढचं माप सांगायला लागले.

मग आला ओटा. मास्तरांनी उंची सांगितली. ताईंचा हात क्षणभर अडला, पण त्यांनी मुकाट्याने तेवढीच काढली. ती जुन्या ओट्याची उंची होती. सासूबाईंची.

"खाली डावीकडे पाटा ठेवायला जागा सोड. तिला वर ठेवलेला आवडत नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, तरणा झाला होता. "आणि खिडकी खाली घे. तिला बाहेरचं दिसायला हवं. टाचा उंचावून बघते बिचारी."

ताई काढत गेल्या. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. समोरचा माणूस आपल्या बायकोसाठी घर बांधत होता. अशा वेळी मध्ये बोलणारी आपण कोण? त्या दिवशी ताईंनी सासूबाईंचं सगळं स्वयंपाकघर काढलं, पाट्यासकट.

झाल्यावर मास्तर चष्मा वर करून पडद्याकडे झुकले.

"हे कुणाचं आहे?"

"तुम्ही सांगितलंत तसंच काढलं."

"ते खरं. पण हे तिचं आहे." त्यांनी मान वळवून ताईंकडे पाहिलं. "ती गेली ना?"

"हो, मास्तर. सहा वर्षं झाली."

मास्तरांनी मान हलवली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर फिरवले. मग म्हणाले, "उठ. टेप आण."

त्यांनी ताईंना स्वयंपाकघरात नेऊन ओट्यापुढे उभं केलं. "वाकायचं नाही. सरळ राहा. आता भाजी चिरतेस असं हात धर." ताईंनी कोपरात हात वाकवून रिकाम्या हवेत सुरी धरली. मास्तर कसेबसे खाली बसले. एका हाताने ओट्याची कड धरली आणि टेपचं टोक फरशीला लावलं. टेप दोनदा सुटला. ताईंनी मदतीला हात पुढे केला तर ओरडले, "हलू नकोस! माप हलतं."

टेप कोपरापर्यंत आला. मास्तरांनी कोपराखाली चार बोटं आडवी धरली, ओटा तिथवर यायला हवा होता, आकडा वाचला आणि वर पाहिलं.

"केवढी उंच आहेस गं तू."

"आहे खरी."

"तीस वर्षं वाकून उभी आहेस. आणि मी ड्राफ्ट्समन म्हणवतो. मला दिसलं कसं नाही?"

ताईंनी हवेतली सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दिसलं असतं तर ओटा वर गेला असता आणि सासूबाईंना स्टूल लागलं असतं. मला कमरेचं दुखणं परवडलं, मास्तर. स्टुलावर उभं राहून त्यांनी मला दिलेल्या शिव्या नसत्या परवडल्या."

मास्तर खाली बसल्याबसल्याच हसायला लागले. मग त्यांना उठवेना. ताईंनी काखेत हात घालून उठवलं, आणि उठवता उठवता दोघंही हसत राहिले.

नवी उंची नकाशात गेली. मास्तर पूर्ण भानावर होते, तरीही त्यांनी एक हट्ट धरला. ओट्याचा खिडकीकडचा हातभर तुकडा जुन्याच उंचीला ठेवायचा. ताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "असू दे तिच्यासाठी." ती गेली हे त्यांना माहीत होतं, हे ताईंनाही माहीत होतं. त्यांनी तुकडा काढला. त्या रात्री फाइल जपली, तिच्या तीन प्रती काढल्या, एक घाईवाल्याला पाठवली आणि नकाशा कागदावर छापूनही घेतला. मास्तर बटणाकडे हात नेत होते, तो त्यांनी वरच्या वर धरला. "थांबा. त्याचं लिहून होऊ दे."

"किती हळू लिहितं हे," मास्तर म्हणाले. पण थांबले.

गवंडी आला तेव्हा त्याने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. "ताई, ही मध्येच पायरी कशाला? एका पातळीत घेऊ ना. दिसायलाही चांगलं दिसेल."

"ड्रॉइंगमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग तसंच."

काम चाललं तेवढे दिवस ताईंनी बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून स्वयंपाक केला. सगळ्या घरात सिमेंटची धूळ झाली, मास्तर खोकले, गवंड्याने एक फरशी फोडली. आणि मग एका सकाळी गवंडी सामान आवरून गेला आणि ताई नव्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या. सुरी काढली, एक कांदा घेतला, चिरला. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला एवढ्या कांद्यांची गरजच नाही. लेकीला फोन करून त्या म्हणाल्या, "अगं, खिडकीतून समोरचं झाड दिसतं. मला वाटायचं नुसता बुंधाच आहे."

कमरेचं दुखणं काही लगेच पळालं नाही. इतक्या वर्षांचं ते. पण पट्टा कपाटात गेला.

खिडकीकडच्या त्या ठेंगण्या तुकड्यापुढे मास्तरांची खुर्ची बरोबर बसते. सकाळी ते तिथे येऊन बसतात आणि ताई त्यांच्यापुढे शेंगा सोलायला ठेवतात. काही दिवस छान जातात. काही दिवस मास्तरांना हे घर कुणाचं तेच उमगत नाही, आणि ते पाहुण्यासारखे अदबीने बसून राहतात. कॉम्प्युटरपुढे ते आता फारसे जात नाहीत.

परवा असाच एक पाहुणेपणाचा दिवस होता. शेंगा सोलता सोलता त्यांनी ओट्यावर तळहात फिरवला, वाकून खालची फळी बघितली, मान तिरकी करून कडा बघितली.

"हे ड्रॉइंग कुणी केलंय?"

"आहे एक ड्राफ्ट्समन," ताई म्हणाल्या.

"काम बरं आहे. नळ जरा डावीकडे घ्यायला हवा होता. पाणी अंगावर येत असेल तुमच्या."

"येतं थोडं. सांगते त्यांना."

"सांगा. पण हळू सांगा हं," मास्तर म्हणाले आणि पुढची शेंग उचलली. "माणूस चांगला असणार. कोपराचं माप घेतलंय त्यानं."